अभय दिलेल्या बकऱ्या

९ जानेवारी

आजपासून माझी बसायची जागा बॅटऱ्यांना देण्यात आली आहे. घटना ऐतिहासिक असल्यामुळे तिची नोंद सविस्तर करतो.

आमच्याकडे चुलीभोवती कोणी कुठं बसायचं याचं शास्त्र आहे. चुलीलगतची पहिली जागा लामाची. तो नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाची. मग उतरत उतरत दारापाशी जावई, विरजण मागायला आलेले शेजारी आणि कुत्रं. लेहमध्ये माझ्या घराचे नळ गोठले म्हणून हिवाळ्यापुरता मी थोरल्या बहिणीकडे, थारलुंगला आलो, तो या पहिल्या जागेच्या भरवशावर. आज सकाळी पाहतो तर तिथं पितळी ताट, ताटात लोकरीच्या टोपीत गुंडाळलेल्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, आणि त्यांच्या बुडाखाली माझी गादी.

"आचे-ले," मी बहिणीला हाक मारली, "या कोण?"

"पाहुण्यांच्या आहेत. थंडीत मरतात बिचाऱ्या."

"आणि मी?"

"तू मेला नाहीस अजून. सरक खाली."

मी सरकलो. आता माझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये फक्त एक डच गृहस्थ आहेत.

या बॅटऱ्यांचे लाड एवढ्यावर थांबत नाहीत. त्या भरायला वीज हवी. विजेची मोठी पेटी खालच्या गोठ्यात ठेवली आहे, कारण बकऱ्यांच्या अंगाची ऊब तिला मानवते. छतावरच्या सौरतक्त्यापासून तिच्यापर्यंत तार न्यायला गोठ्याच्या झरोक्याची लोखंडी जाळी एका कोपऱ्यात उचकटून ठेवली आहे. मी म्हटलं, खिळा मारून घ्या. बहीण म्हणाली, "पाहुणे गेले की मारू. रोज कोण काढघाल करणार?"

सारनाथला दहा वर्षं संस्कृत घोकून, वीस वर्षं वर्तमानपत्रात लिहून, मी या घरात बॅटरीच्या खालच्या पायरीवर आहे.

१२ जानेवारी

भाची स्कर्मा मला अझांग-ले म्हणते. अझांग म्हणजे मामा, 'ले' आदराचं. स्कर्मा 'ले' लावते आणि आदर तेवढा काढून घेते.

ती भल्या पहाटे दुर्बीण घेऊन घळीसमोरच्या टेकाडावर बसते आणि पाहुण्यांना शान शोधून देते. शान म्हणजे हिमबिबट्या. संस्कृतात त्याला स्वतंत्र नाव सापडत नाही. हा दोष त्या भाषेचा, बिबट्याचा नव्हे. आमच्या बाजूला सध्या एक फाटक्या कानाची मादी आहे आणि तिच्याबरोबर गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात झालेली दोन पिल्लं, एक नर, एक मादी. अंगानं आईएवढीच झाली आहेत. स्कर्मानं त्यांना आईच्या शेपटीशी खेळताना पाहिलंय. त्यांच्याबद्दल ती बोलते तेव्हा तिचा आवाज माणसांसारखा होतो.

"हा त्यांचा आईजवळचा शेवटचा हिवाळा, अझांग-ले. वसंतात ती सोडून देते. तोवर नापो मारायला शिकली तर जगली."

नापो म्हणजे आमच्या कड्यांवरची निळसर रानमेंढी. कड्यावरून ती अशी उतरते की पाहणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा. तिला धरायचं म्हणजे तासन् तास दगड होऊन पडून राहायचं आणि मग एका दमात पडणारा कडा व्हायचं. हे काही जन्मतः येत नाही, आईमागून हिंडून येतं.

"आणि नाही शिकली तर?"

"तर तुमच्यासारखी हिवाळ्यात बहिणीकडे राहायला जातील."

डच गृहस्थांना काही कळलं नाही, तरी ते हसले. कुत्र्याला मात्र कळलं असावं.

१५ जानेवारी

आज तुंडुपच्या तळावर त्सेथर झालं. तुंडुप माझा शाळासोबती. तेव्हा तो माझ्या पाटीत बघून गणितं सोडवायचा. आज त्याच्याकडे गरम तंबूंचा तळ आहे आणि माझ्याकडे पाटी.

त्सेथर म्हणजे अभयदान. सुरीखाली जाणारा प्राणी सोडवून आणायचा, त्याच्या कानात लाल लोकर ओवायची, आणि मग त्याला कोणी मारायचं नाही. आमच्या लहानपणी आईनं सोडवलेला एक याक होता. तो मुक्त झाला म्हणजे काय झालं, तर आमच्याच गोठ्यात राहिला, आमचंच गवत खाल्लं, आणि इतका म्हातारा झाला की दात पडल्यावर आई त्याला सत्तू भिजवून भरवायची. आम्हा भावंडांपेक्षा त्याचा थाट जास्त होता.

तुंडुपनं या रिवाजात सुधारणा केली आहे. पाहुण्यांच्या देणगीतून बकरी घ्यायची, वाजतगाजत घळीच्या तोंडाशी न्यायची. मेमे लामा, म्हणजे गावचा म्हातारा लामा, घंटा वाजवून मंत्र म्हणतो, आणि बकरी मोकळ्या डोंगरावर सोडून देतात. गोठ्यात नाही, दावणीला नाही. मागे बर्फाचे कडे, पुढे लाल कानाची बकरी, मध्ये घंटानाद. एक जर्मन बाई हुंदके देऊन रडली. माझेही डोळे ओलावले, पण ते वाऱ्यानं.

"आता ही खरी मुक्ती," तुंडुप म्हणाला. "पंडित, लिही की यावर."

हा मला शाळेपासून पंडित म्हणतो. तेव्हा ती शिवी होती.

मी लिहिलं. 'गोठ्यातून आकाशाकडे' असं शीर्षक दिलं. संपादकांचा फोन आला आणि त्यांनी माझ्या आठवणीत प्रथमच 'वा' म्हटलं. स्कर्माला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बकरीला विचारलंत?"

हल्लीच्या पिढीत श्रद्धा कमी.

२३ जानेवारी

पंधरा तारखेच्या अभयदानानंतर दोन दिवसांत घळीच्या तोंडाशी बिबटीण आणि पिल्लं दिसली. वीस तारखेला दुसरी बकरी सोडली, काल परत दिसली. दोन्ही वेळा उघड्यावर, भर उन्हात, दुर्बिणीशिवाय दिसावीत इतक्या जवळ. पूर्वी त्यांचं एक शेपूट पाहायला लोक आठवडाभर कुडकुडत.

मेमे लामाच्या मते हे पुण्याचं फळ. आमचे न्यायशास्त्राचे गुरुजी असते तर म्हणाले असते, काकतालीय! कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फळ पाडलं असं होत नाही. पण कावळा दर वेळी बसतो आणि फळ दर वेळी पडतं, तेव्हा शास्त्री काय म्हणणार? मी बराच विचार केला आणि लामाच्या बाजूचा झालो. डोंगर प्रसन्न आहे, याला तर्कशास्त्राची हरकत असायचं कारण नाही.

हेही लिहून पाठवलं.

२८ जानेवारी

आईला जाऊन या आठवड्यात वर्ष झालं. तिच्या नावानं मी एक बोकड सोडवला. काळा, एक कान पांढरा, स्वभावानं अत्यंत चिकित्सक. वाटेत त्यानं मेमे लामाच्या पोथीचं फडकं खाऊन पाहिलं आणि नापसंत केलं. लाल लोकर मी स्वतः ओवली. बहिणीनं त्याच्या कपाळाला लोणी लावलं आणि कानात म्हणाली, "आमा-ले, आता निवांत चर." एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

घळीशी पोचलो. लामानं घंटा उचलली. ती वाजली मात्र, आणि स्कर्माशेजारचा पाहुणा पुटपुटला. सगळ्यांनी वर पाहिलं. कड्याच्या कडेला तिघं उभी होती. आई पुढे, दोन्ही पिल्लं तिच्या मागे, लांब शेपट्या हवेत. पळाली नाहीत. घंटा वाजत होती तोवर आमच्याकडे पाहत राहिली, आणि थांबली तेव्हा खाली बसली. पंगतीत पान मांडल्यावर माणसं बसतात तशी शिस्तीत.

मेमे लामा म्हणाला, "मोरुप, तुझी आई पुण्यवान."

बोकडाला वर पोचवून यायला तुंडुपचा माणूस गेला. 'नवखा आहे, वाट दाखवतो,' म्हणाला. किती आस्था! पाहुण्यांचे कॅमेरे एखाद्या गिरणीसारखे चालले होते. फक्त स्कर्मानं दुर्बिणीला डोळा लावला नाही. ती खेचरावर सामान बांधत बसली, आणि दोर इतका आवळला की खेचरानं तिला लाथ मारायचा विचार केलेला मी स्पष्ट पाहिला.

३० जानेवारी

बोकडाला मीठ चाटवून यावं म्हणून निघालो. स्कर्मा दारात.

"नका जाऊ, अझांग-ले. तिथं बर्फ सैल आहे."

यंदा तिथं बर्फच पडलेलं नाही.

३१ जानेवारी

गेलो.

पाहिलं ते क्रमानं लिहितो.

घळीच्या आत, पाहुण्यांच्या टेकाडावरून नीट दिसेल अशा सपाट जागी, माझ्या आईचा बोकड होता, म्हणजे त्याचं डोकं आणि कातडं. पांढऱ्या कानात लाल लोकर तशीच. मागच्या दोन पायांत याकाच्या केसांचं आखूड दावं. माणसाच्या हातची गाठ. चालता येईल, चढता येणार नाही, पळता तर नाहीच. शेजारी दगडांत लाल लोकरीचे आणखी झुबके. पंधरा तारखेच्या बकरीची, वीस तारखेची, आणि मी इथं येण्याआधीच्या कितींची कोण जाणे.

आणि पावलं. धुळीत पिल्लांच्या पंजांची रांग होती, कड्यापासून थेट बोकडापर्यंत, सरळ. कुठं दबा धरल्याची खूण नाही, पोट घासल्याची नाही, झेप घेतल्याची नाही. चालत आली, जेवली, चालत गेली.

याला मी मुक्ती म्हटलं. छापलं. शीर्षक देऊन.

१ फेब्रुवारी

तुंडुपच्या तंबूत गेलो आणि ते दावं त्याच्या चहात टाकलं. चहा लोण्याचा होता, त्यामुळे म्हणावा तसा शिंतोडा उडाला नाही. याचाही राग आला.

"हे काय?" मी विचारलं.

"दावं," तो शांतपणे म्हणाला. "बस, पंडित. खांबीर रोटी खा, गरम आहे."

"माझ्या आईच्या नावाचा बोकड होता तो!"

"होता ना. मी मारला? मी सोडला. लामानं मंत्र म्हटले, तुला पुण्य मिळालं. बिबट्यानं खाल्ला, त्याचं पोट भरलं. पाहुण्याला फोटो मिळाला, तुझ्या बहिणीला पाहुणा मिळाला. यात पाप कुठल्या खान्यात बसतं ते दाखव. तुझ्या काशीच्या पोथीतून दाखव."

"पाय का बांधले?"

"नाही बांधले तर बकरी गावात परत येते. मूर्ख जनावर. मोकळं सोडलं तरी गोठा शोधतं."

"कारण तो तिचा गोठा आहे!"

"ओरडू नकोस, पाहुणे झोपलेत," तो म्हणाला. मग थोडा पुढे वाकला आणि खरोखरीच मित्रासारखं बोलला. "ऐक. आपले आजोबा या शानला दगडांनी ठेचायचे. आठवतं? गोठ्यात सापडला की सगळं गाव पोरंबाळं घेऊन पाहायला. आज त्याच्या अंगाला कोणी बोट लावत नाही. ते माझ्यामुळे. प्रेमापोटी नाही, पोटापोटी. मला चालतं."

मी दावं चहातून काढून खिशात घातलं आणि निघालो. उत्तर सुचलं ते चढण चढून घरी आल्यावर. बिबट्याला वाचवणं वेगळं आणि त्याला दारचं कुत्रं करणं वेगळं. आजोबांनी त्याचा जीव घेतला, तुंडुप त्याची विद्या घेतोय. पण तोवर ऐकायला फक्त खेचर होतं.

घरी स्कर्माला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मी दुर्बीण लावते, अझांग-ले. दुर्बीण लावणाऱ्याला सगळंच दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले. तुंडुप-ले म्हणाला, उद्यापासून दुसरी पोरगी बसवतो टेकाडावर. मग ती तिघं मला दिसलीच नसती. आणि तुम्ही छापलंत. गावात सगळ्यांनी कात्रण लावलंय चुलीमागं. छापलेल्याला खोटं म्हणणारी मी कोण?"

पुढे म्हणाली, "डिसेंबरात ती आई पिल्लांना घेऊन वरच्या कड्यांवर जायची. नापोंच्या मागं. नर पिल्लू दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जवळजवळ धरलंच होतं. गेल्या महिनाभरात ती वर गेलीच नाहीत. का जातील?"

४ फेब्रुवारी

खरी हकिगत लिहून पाठवली. संपादकांचं उत्तर आलं: 'मागच्यासारखं गोड लिहा. वाचकांना सकाळी सकाळी बांधलेली बकरी नको.'

वाचकांना सकाळी सकाळी काय हवं ते मला ठाऊक आहे. सोडलेली बकरी आणि चहा. कोणाच्याही पायाकडे न बघता.

७ फेब्रुवारी

आज गोबाच्या, म्हणजे आमच्या मुखियाच्या छतावर उन्हात गाव जमलं. मी दावं आणि लाल लोकरीचे झुबके चटईवर मांडले आणि भाषणाला उभा राहिलो. करुणेची व्याख्या, दानाचे प्रकार, दात्याची शुद्धी असा क्रम ठरवला होता. व्याख्येतच तीन म्हातारे झोपले.

मग मेमे लामानं एक झुबका उचलला, उलटसुलट करून पाहिला. त्याला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळलं. तो हळू बोलतो, पण आज छताच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"म्हणजे मी जेवणाची घंटा वाजवत होतो."

बहीण उठली. "माझ्या आमा-लेच्या नावानं!" ती तुंडुपच्या अंगावर ओरडली. "कानात सांगितलं होतं मी त्याला, निवांत चर म्हणून! आणि तू त्याचे पाय बांधलेस?"

तुंडुपनं इकडेतिकडे पाहिलं. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात ते सगळे बुटांकडे बघत होते. गोबानं निकाल दिला: सोडवलेला प्राणी पूर्वीसारखा गोठ्यातच राहील. घळीत एकही बकरी जाणार नाही.

जाताना तुंडुप माझ्यापाशी थांबला. "जिंकलास, पंडित. आता एक सांग. त्या तिघांना हा ठराव कोण वाचून दाखवणार?"

हरलेल्या माणसाला असं बोलायची सवयच असते.

१३ फेब्रुवारी

घळीशी काही दिसत नाही, म्हणून पाहुणे निघून गेले. डच गृहस्थ जाताना मला जर्दाळूची पुडी देऊन गेले आणि डोळे पुसत म्हणाले की तो बकरीचा सोहळा जन्मभर विसरणार नाही. मी त्यांना खरं सांगितलं नाही. का नाही, याचा विचार नंतर करीन.

ताट गेलं. गादी मोकळी झाली. मी माझ्या जागी बसलो, लोण्याचा चहा घेतला, आणि मांडी बदलून पुन्हा बसलो. धर्माचा जय होतो तेव्हा पाठीला ऊब लागते.

बहिणीला म्हटलं, झरोक्याच्या जाळीला आता खिळा मार. म्हणाली, उद्या.

१९ फेब्रुवारी

सकाळी बहिणीची किंकाळी ऐकून खाली धावलो. गोठ्याचं दार तिनं उघडून पुन्हा बाहेरून लावलं होतं आणि त्याला पाठ टेकून उभी होती. "आत आहे," एवढंच म्हणाली.

फटीतून पाहिलं. बकऱ्या सगळ्या आडव्या पडल्या होत्या. विजेच्या पेटीवर, उबेला, नर पिल्लू बसलं होतं. छाती लाल, डोळे अर्धे मिटलेले. वर झरोक्याची जाळी एका कोपऱ्यातून पूर्ण वाकलेली, आणि तार खाली लोंबत होती.

उडी मारून आत येता येतं, पण भिंत उंच, तिथून वर जाता येत नाही. मग ही जनावरं घाबरून दिसेल ते मारत सुटतात. आजोबांच्या वेळी बिबटे सकाळी असेच सापडायचे.

गाव जमायला वेळ लागला नाही. माझ्या भाषणाला जे झोपले होते तेही आले. काही हातांत दगड होते. कोणीतरी म्हणालं, "पंडितानं बकऱ्या बंद केल्या, आता हा आमच्या खाणार." दुसरा म्हणाला, "त्याच्या गोठ्यात गेला असता तर कळलं असतं. त्याला गोठा कुठाय? बहिणीचा खातो." हे सगळं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी ओरडलो की ठराव तुमच्या सगळ्यांचा, बांधायची कल्पना तुंडुपची, गप्प तुम्ही बसलात, आणि दगड त्याला? त्याला चालत जेवायला कोणी शिकवलं? जे ज्याच्या तोंडावर बोलायचं ते बोललो. उपयोग शून्य. दगड होते तिथंच होते.

तुंडुपही आला होता. त्याच्या हातात दगड नव्हता. तो सारखा म्हणत होता, "मारू नका, नुकसान मी भरतो, मारू नका." ऐकत कोणी नव्हतं. त्याचंही नाही, माझंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि दोघंही निरुपयोगी.

बहीण दारापासून हलली नव्हती. तिच्या पायघोळ अंगरख्याला रक्त लागलं होतं. त्या बकऱ्यांची नावं तिनं ठेवली होती.

"माझा गोठा," ती म्हणाली. "माझ्या बकऱ्या. जाळी मी उघडी ठेवली. मग पहिला दगड माझा ना?"

सगळे थांबले. कोणीतरी तिच्या हातात एक दगड दिला. तिनं तो हातात तोलून पाहिला. मग तिनं तो दाराच्या उंबऱ्यापाशी ठेवला, अडसर उघडल्यावर दार परत मिटू नये म्हणून लावतात तसा, आणि अडसर ओढला.

"सरका," ती म्हणाली. "वाट द्या त्याला."

लोक सरकले. स्कर्मा भिंतीवर होती, तिनं ओठ दाताखाली धरले होते. सगळ्यांना वाटलं, आता राखाडी रेघ सुटेल आणि डोंगरात मिसळेल.

तो बाहेर आला. चालत. अंगणात उन्हात थांबला, आमच्याकडे पाहिलं. एवढी माणसं, हातात दगड, आणि त्याच्या कानाला भीती शिवली नव्हती. गोबाच्या पोरानं हाकारा घातला, थाळी बडवली. तो दचकला, चार पावलं गेला, आणि अंगणाच्या टोकाशी पुन्हा मागे वळला. तेवढ्यात खालच्या वाटेवरून कोणाचं तरी गाढव येत होतं. गळ्यात घंटा होती त्याच्या.

ती वाजली, आणि तो खाली बसला. पुढचे पंजे जोडून, शेपूट अंगाभोवती घेऊन.

मेमे लामानं तोंड फिरवलं.

शेवटी स्कर्मानंच भिंतीवरून उडी मारली आणि शेणाच्या गोवऱ्या फेकत, वाटेल त्या शिव्या देत, रडत त्याला घळीपर्यंत हाकलत नेलं. शिव्या त्यालाच होत्या असं मला वाटत नाही.

२२ फेब्रुवारी

तुंडुपनं बहिणीला तीन बकऱ्या आणून दिल्या. लाल लोकर नसलेल्या. तिनं ठेवून घेतल्या, चहा मात्र विचारला नाही. जाळीला मी खिळे मारले. इतके की बहीण म्हणाली, "मोरुप, पुरे, उजेड येऊ दे."

माझी गादी आहे, पण तिथं बसवत नाही. दारापाशी कुत्र्याजवळ बसतो. कुत्र्याची हरकत नाही.

९ मार्च

फाटक्या कानाची मादी मुलीला घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेली. स्कर्मानं काल दोघींना वरच्या कड्यावर नापोच्या मागावर पाहिलं. नर त्यांच्याबरोबर नाही. वसंत आला, सोडून दिलं, असंच असतं.

तो घळीच्या तोंडाशी असतो. स्कर्मा रोज पाहते. त्यानं एकदा नापोंच्या कळपाकडे धाव घेतली. उघड्यावरून, फार लांबून. नापो पुरत्या धावल्यासुद्धा नाहीत, चार दगड वर चढून मागे बघत उभ्या राहिल्या. मग तो त्या सपाट जागी येऊन बसला. दुपारपर्यंत. खाली गावात कुठं घंटा वाजली की मान वळवतो, म्हणते. बरगड्या दिसायला लागल्यात, हेही म्हणते, पण माझ्याकडे न बघता.

आज सकाळी कोठीतला वाळल्या मांसाचा तुकडा अंगरख्यात लपवून मी अर्धी चढण चढलो. तुंडुपला ज्याबद्दल जाब विचारला तेच करायला. तिथं एका दगडावर बराच वेळ बसलो आणि परत आलो. मांस कुत्र्याला दिलं. बरोबर केलं की नाही, ठाऊक नाही. दिलं असतं तर तो आणखी एक दिवस तिथंच बसला असता.

राग अजून आहे. तुंडुपवर, संपादकांवर, रडणाऱ्या जर्मन बाईवर, माझ्या त्या शीर्षकावर. पण रागानं माझी झोप जात नाही, उलट रागात मला चांगली झोप लागते. झोप जाते ती दुसऱ्याच गोष्टीनं. त्या पोराला शिकार येत नाही, आणि शिकवणारी निघून गेली आहे.